टाकीतली पाच पानं

७ सप्टेंबर २०२५, रविवार. चंद्राला ग्रहण रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी लागणार होतं. विरारच्या एका सोसायटीत पाण्याच्या टाकीला ते अर्धा तास आधीच लागलं. काका तुळशीची पाच पानं घेऊन शिडी चढत होते.

काका म्हणजे तेच, प्रत्येक सोसायटीत असतात ते. ते अंधश्रद्धाळू नाहीत. तसं कुणी म्हटलेलं त्यांना खपतही नाही. ‘यामागे शास्त्रीय कारण आहे,’ हे त्यांचं पालुपद. ग्रहणात घातक किरण येतात, पाण्यात उतरतात आणि तुळस ते शोषून घेते. चंद्राला स्वतःचा उजेड नाही, पृथ्वी मध्ये आल्यावर त्याच्याकडून येणारा प्रकाश उलट घटतो, असं सांगू पाहणाऱ्या सातवीतल्या पोराला ‘पुस्तकी ज्ञान’ म्हणून खाली पिटाळण्यात आलं. ती ९ वाजून ५७ मिनिटं कुठल्या पुस्तकातल्या गणिताने निघाली, हे मात्र काकांनी विचारलं नाही.

निदान त्रैराशिक तरी मांडावं. टाकी वीस हजार लिटरची, पानं पाच. म्हणजे चार हजार लिटरला एक. दहा हजारांच्या टँकरला अडीच. आता अर्धं पान देठाकडचं घ्यायचं की शेंड्याकडचं, यावर काकांचं शास्त्र गप्प आहे. आणि टँकर निघालाच आहे तर विचारू या, टाकीत हे पाणी आलं कुठून? सूर्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारचा वाटा दिवसाला साडेअठरा कोटी लिटरचा. त्यातलं काकांच्या नळाला येतं ते आचमनापुरतं. चंद्राचं ग्रहण साडेतीन तासांत सुटलं, सूर्याचं बारमाही आहे. म्हणून टँकर येतो, पुढे लिंबू-मिरची झुलवत. ते पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, त्याला वास कसला, हे कुणी विचारत नाही. बाटलीभर नमुना प्रयोगशाळेत द्यायला कुठला मुहूर्त लागतो? इमारतीतली पोरं जुलाबांनी आडवी झाली तेव्हा किरणं मोजणारे हे गृहस्थ कुठे होते? पाण्यात जंतू असतात, हेही शास्त्रच सांगतं ना! पण ते शास्त्र फुकटात फॉरवर्ड होत नाही, त्याची पावती फाडावी लागते.

तिकडे अर्नाळ्याचे कोळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कारण माशांच्या विणीचे दिवस. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ, आणि बोटीवर जीपीएस. नारळाने समुद्राचा खारटपणा आटोक्यात राहतो, असं तिथे कुणी ऐकवत नाही. दर्या आपला आहे, म्हणून नारळ. संपलं.

ग्रहण मध्यरात्रीनंतर १ वाजून २६ मिनिटांनी सुटलं. सकाळी पहिल्या मजल्यावरच्या नळाची धार करंगळीएवढी झाली होती. प्लंबरने नळाच्या तोंडाची जाळी काढली, तर आत तुळशीचं एक पान. त्याने दीडशे रुपये मागितले.

‘बघा,’ काका म्हणाले, ‘गुण थेट घरात पोचला.’ उरलेली चार पानं कुठल्या मजल्यावर आहेत, याची यादी करायला ते वही घेऊन निघाले.