उमरग्यात मेंढीचा भाव

सोलापूर सोडलं की नळदुर्ग, जळकोट, येणेगूर उरकत हैदराबादच्या रस्त्यानं एसटी उमरग्याला येते. पुढं तुरोरी ओलांडली की कर्नाटक. बँकेनं माझी बदली इथं केली तेव्हा सहकाऱ्यांनी डाळीचे आणि ज्वारीचे भाव विचारून ठेवायला सांगितलं. मला मात्र एकच घोर: कॅटन कोणाशी खेळायचं?

हा खेळ 1995 साली जर्मनीत निघाला. रचणारा क्लाउस टॉयबर हा कवळ्या-दात बनवणारा तंत्रज्ञ. 19 षट्कोनी तुकड्यांचं बेट मांडायचं, फासे टाकायचे, लाकूड, वीट, मेंढी, गहू, खनिज असे पत्ते मिळवायचे आणि एकमेकांशी अदलाबदल करून रस्ते, वस्त्या बांधायच्या. ज्याचे 10 गुण आधी होतील तो जिंकला. पुण्यात यासाठी लोक कॉफीला भरमसाट पैसे मोजून बसतात.

उमरग्यात मी स्टेशनरीच्या दुकानात चौकशी केली, "बोर्ड गेमवाले कोणी आहेत का इथं?"

"बोर्डाचं गाइड आहे. दहावीचं देऊ का बारावीचं?"

स्टँडवर पोरं मोबाइलवर लुडो खेळत होती. पचिसी इथूनच तिकडं गेली, 1896 साली इंग्लंडात तिच्या लुडो या रूपाचं पेटंट निघालं आणि आता ती रिचार्ज मारून परत आली आहे. पोरांनी मान वर केली नाही.

मग मी जुन्या महादेवाच्या देवळात गेलो. महाराष्ट्रातल्या लेण्यांत, किल्ल्यांवर दगडात नवकंकरी या जुन्या खेळाचे पट कोरलेले सापडतात. लोक भिंतीवरची शिल्पं बघत होते, मी वाकून फरशी तपासत होतो.

"काय पडलं, साहेब? चष्मा का?" एका आजोबांनी विचारलं.

"खेळ शोधतोय."

"मग फरशीत कशाला हुडकायलाव? घरी चला की."

घरी आजींनी खडूनं पाच बाय पाचची घरं आखली, फुल्या मारल्या आणि चार फोडलेले चिंचोके माझ्या हातात दिले. चारी पांढरे पडले तर चार, चारी काळे पडले तर आठ. माझ्या सोंगट्या बाहेरच्या रांगेतच प्रदक्षिणा घालत राहिल्या. आजी शेजारणीशी तुरीवर बोलता बोलता मधल्या घरात जाऊन बसल्या. मला चहा मिळाला, तो बहुधा सांत्वनाचा.

अब्रू वाचवायला मी दुसऱ्या दिवशी कॅटनचा खोका घेऊन गेलो. आजोबांचे मेहुणे आले होते. ते हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी. त्यांनी पत्ते उलटेपालटे केले.

"ह्यात सोयाबीन न्हाई?"

"नाही."

"मग शेतकरी जगतो कशावर?"

जर्मनीला हा प्रश्न कोणी विचारला नसावा. मी सांगितलं, फाशांवर सात पडले की ही काळी बाहुली कोणाच्याही तुकड्यावर बसवायची. हा दरोडेखोर. तो बसला की तिथलं उत्पन्न बंद.

"दरोडेखोर असा बसून ऱ्हातो व्हय? ही वसुली हाय. तुमच्याच ब्यांकेचं माणूस."

त्यानंतर घरातलं पोरसुद्धा त्या बाहुलीला 'साहेब' म्हणू लागलं.

मी आजोबांना म्हणालो, "एक वीट द्या, मेंढी देतो." हेडीमामांनी मला थांबवलं. उघड्यावर सौदा करतात का कोणी? त्यांनी उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझी दोन बोटं दाबली. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो, तिसऱ्याला कळत नाही. इथं तो मलाही कळला नाही. मी अदबीनं मान हलवली आणि माझ्या दोन मेंढ्या गेल्या. विटेचा सौदा जुळवून दिल्याबद्दल मामांनी दोन्हीकडून एकेक गहू दलाली घेतली. नियम काढून दाखवावा म्हटलं, तर आजोबा म्हणाले, "दलालाबिगर बाजार झालाय का कुठं?"

मामांची वस्ती वाढेना, पत्ते मात्र वाढत चालले. मी मनात हसत होतो, कारण सात पडले की सातांहून जास्त पत्ते असणाऱ्याला निम्मे टाकावे लागतात, आणि दोन फाशांवर सातच सगळ्यांत जास्त वेळा पडतात. पडले.

"मामा, निम्मे टाका."

मामांनी हात उघडला. सहा पत्ते.

"आत्ता तर गठ्ठा होता!"

"पाव्हण्याकडं ठेव ठिवलाय," मामा म्हणाले. बाजूला बसलेल्या, खेळात नसलेल्या जावयानं गठ्ठा खिशातून काढून दाखवला आणि परत नीट आत ठेवला.

मी नियमांची चोपडी पुढून मागून वाचली. जावयाबद्दल तिच्यात काहीच नव्हतं.