उत्सव-नियोजन समितीस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री अध्यक्ष व सभासद, उत्सव-नियोजन समिती, यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येत्या सत्राचे जे सातपानी वेळापत्रक आपण काल सूचनाफलकावर डकवले, ते मी चष्मा पुसून पुसून वाचले आणि पदार्थविज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या मास्तराला महाविद्यालय मुळात कशासाठी असते, याचा प्रथमच उलगडा झाला. 3 जानेवारीस सावित्रीबाईंची जयंती, 12 तारखेस जिजाऊ आणि विवेकानंद एकाच मांडवात, 14 ते 28 मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, त्याच्या पोटात प्रजासत्ताक दिन, मग स्नेहसंमेलन, मग शिवजयंती. आणि अनुदान आयोगाला सत्राकाठी अपेक्षित असलेल्या 90 दिवसांच्या अध्यापनाची सोयही आपण ‘इतर उपक्रम’ या सदरात न विसरता केली आहे, हे औदार्य लहान नव्हे.

गेल्या 3 जानेवारीची याद अजून ताजी आहे. मुलींना वर्गात बसता यावे म्हणून जिने अंगावर शेणमार झेलला, तिच्या सन्मानार्थ आपण प्रथम वर्षाच्या मुलींचे प्रात्यक्षिक रद्द करून त्यांना अडीच तास सभागृहात बसवले. पंख्याचे बटण नेमके कोणते, हे ठाऊक असलेला एकमेव शिपाई फेटे आणण्यास रवाना झालेला असल्यामुळे समई चारदा विझली. अहवालातल्या छायाचित्रात मात्र ती अखंड तेवते आहे.

माझी कैफियत किरकोळ आहे. वर्णपटमापकाच्या अंधाऱ्या खोलीचे चार काळे पडदे आपण गतवर्षी संमेलनातल्या नाटकाच्या विंगांसाठी रीतसर पावती देऊन नेले. तीन परत आले. चौथ्याच्या जागी ऊन आले. सोडियमच्या दिव्याच्या 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या त्या दोन जुळ्या पिवळ्या रेषा, ज्या वेगळ्या दिसताच पोरांच्या तोंडून हमखास ‘आहेत, सर, दोन आहेत!’ असा उद्गार निघतो, त्या या उजेडात कोणालाच दिसेनाशा झाल्या आहेत. रामन यांच्या 1928 सालच्या शोधाच्या स्मरणार्थ 28 फेब्रुवारीस आपण याच खोलीत रांगोळी-स्पर्धा योजली आहे. तिला उजेड लागेलच, हे मान्य. सबब स्पर्धा उरकताच पडदा दप्तरी दाखल करण्याची तजवीज व्हावी.

ता. क. : पत्र लिहून होते तोच आपला हुकूम पोहोचला. पडद्याच्या शोधार्थ त्रिसदस्य उपसमिती नेमली असून तिचा कार्यवाह मीच आहे. पहिली बैठक सोमवारी, माझ्या तासिकेच्या वेळी.