आधी तेलाचा डबा मोजा

‘आठ दिवसांत तीन किलो कमी!’ असं सांगणाऱ्याला विचारा, कशाचे तीन किलो? पहिल्या आठवड्यात काटा उतरतो तो बराचसा पाण्याने. खाणं एकदम तोडलं की शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन वापरलं जातं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं. नीट जेवायला लागलात की ते परत येतं. चरबी फारशी हललेलीच नसते. याचे पैसे घेणं ही फसवणूक आहे.

पण मला त्याहून जास्त राग येतो तो घरातल्या चित्राचा. बाई सगळ्यांसाठी बटाट्याच्या काचऱ्या सढळ तेलात परतते आणि स्वतः काकडी घेऊन बसते. पंधरा दिवस निभावते. सोळाव्या दिवशी, टाकायची कशाला म्हणून, कढईतली उरलेली भाजी पोळीने पुसून खाते. मग घरचे म्हणतात, हिच्याच्याने पथ्य होत नाही! अहो, पथ्य तिने एकटीने का पाळायचं? कढई एकच आहे ना?

हिशेब करा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोजचं तेल 38 ग्रॅमच्या आसपास जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. वरचे अकरा ग्रॅम म्हणजे रोजच्या शंभरेक कॅलरी, आणि त्यांनी कुणाचं पोटही भरत नाही. त्यात घरचं तूप आणि बाहेरचा वडापाव आपण धरलेलाच नाही.

आमच्याकडे आता किटली तिरकी करत नाहीत, तेल चमच्याने घालतात. कोबी, गवार झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजते. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, मग जिभेला सवय झाली. चहातली साखर अर्ध्या अर्ध्या चमच्याने उतरवली. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर. आणि रोज अर्धा तास चालणं, दम लागेल इतक्या वेगाने; गप्पा मारत घातलेली शतपावली त्यात धरू नका.

पुढच्या महिन्याच्या किराणा यादीत तेलासमोरचा 5 खोडून साडेतीन लिहा. यादी करताना घरातले सगळे समोर असू देत.