पगारी मावशी

पोरं सांभाळण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. स्वतःची दोन, नणंदेची तीन, दिराचा एक द्वाड, शिवाय डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत ‘वहिनी, जरा बघा हं याला, भाजी घेऊन आलेच’ म्हणून जी कुणी दुपारभर गायब होईल तिचं. शी-शू, ताप, गोवर, दात येणं, सगळं माझ्याच मांडीवर पार पडलं. घराण्याच्या अब्रूला त्यानं कधी खरचटलंसुद्धा नाही.

अब्रू धोक्यात आली ती वेसूहून निरोप आल्यावर. तिथल्या एका हिरेवाल्या शेठकडे नातवासाठी बाई हवी होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, रविवारी सुटी, आणि पगार असा की साड्यांना खडे चिकटवून तो गाठायचा तर मला चार हात फुटायला हवेत.

तासाभरात उधन्याहून नणंदेचा फोन. “वहिनी, दुसऱ्याची पोरं सांभाळणार तुम्ही? पाचोऱ्याला कळलं तर?” कळणारच होतं. तापी खानदेशातून सुरतेकडे वाहते, आमची माणसंही त्याच दिशेनं आली. बातमी मात्र भुसावळ पॅसेंजरनं उलटी जाते, आणि गाडीच्या आधी पोचते. मी काही बोलणार तोच नणंद म्हणाली, “बरं, शनिवारी धाकट्याला तुमच्याकडे सोडते, आम्हाला लग्नाला जायचंय.”

ह्यांनी मिशीवर हात फिरवत विचारलं, “तुला घरात कमी काय आहे?” मिशीवरून मला गिजुभाई बधेका आठवले. वकिली सोडून या माणसानं 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, आणि गुजरातनं त्यांचं नाव ठेवलं ‘मूछाळी मा’. मिशीवाली आई! आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करायला भावनगरला गेल्या, पुढे 1945 मध्ये बोर्डीला येऊन त्यांनी गावातल्या पोरांसाठी शाळा मांडली, त्यांना पद्मभूषण मिळालं. पोरं तीच, शेंबूडही तोच. मी हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी मिशीवरचा हात काढला आणि ते मार्केटला निघून गेले.

इतिहास वाचायची खोड वाईट. इंग्रजांनी 1613 मध्ये वखार थाटली ती आमच्या सुरतेतच. पुढे मडमा विलायतेला जाताना बोटीवर पोरं सांभाळायला हिंदुस्थानातल्या आया बरोबर नेत. बोट लागली, पोरं आजीकडे पोचली, की कित्येकींना परतीच्या तिकिटाशिवाय तिथंच सोडून देत. अशा आयांसाठी लंडनमध्ये हॅकनीला एक आश्रम होता. 2022 मध्ये त्या घरावर निळी पाटीही लागली. ते वाचून मी एक गोष्ट पक्की केली: वेसूला गेल्यावर आधी परतीच्या रिक्षाभाड्याचं विचारायचं.

मग नणंदेला दरपत्रक पाठवलं. घरचा माणूस म्हणून शनिवारचा अर्धा दर. धाकटा लग्नाला बरोबर गेला.

वेसूचं घर अकराव्या मजल्यावर. हॉलमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. पोराच्या आईनं फोन उघडून दाखवला: दूध किती वाजता, किती मिली, झोप किती, ढेकर आली की नाही, सगळं भरायचं. पोराशी इंग्रजीतच बोलायचं. मी म्हटलं, “अहिराणीत रागावलं तर चालेल का?” ती फोनमध्ये त्याचा रकाना शोधू लागली.

हिंचक्यावर बा बसल्या होत्या. त्या फोनमधलं काही विचारेनात. “बेन, लसण खाओ छो?” त्यांच्या घरात चालत नव्हतं. माझ्या डब्यातली ठेच्याची बाटली मी पिशवीत खाली सरकवली. पोरगं मात्र तोवर माझ्या पदराचं टोक चोखत बसलं होतं. त्याची परीक्षा संपली होती.

राहिल्या सुट्या. गणपतीचे दिवस मंजूर झाले. चांदनी पडव्याला घारी घरी न्यायची, हे बांनी आपणहून घातलं. उत्तरायणाला मी येणार नाही म्हटल्यावर सूनबाई दचकली. मी समजावलं, “त्या दिवशी अख्खं सुरत धाब्यावर. पोराला मांज्यापासून आणि शेठजींना कठड्यापासून वाचवणं एका पगारात बसत नाही.”

बांना हे एकदम पटलं. त्यांनी हिंचका थांबवला आणि शेठजींचा वेगळा दर विचारला.