ऑटोमॅटिक मामा

मृग कोरडा गेला की कंधारात सगळ्यांची तोंडं उतरतात. एक माणूस तेवढा खुशीत असतो. बसस्टँडवर स्वतःच्या पैशानं चहा पाजतो आणि वर विचारतो, "काय गुरुजी, ऊन छान पडलंय, न्हाई का?" पेरणी करून आभाळाकडं डोळे लावून बसलेल्या गावात असं बोलायला छाती लागते. मामांना ती आहे. शिवाय मामांना बोट आहे.

ते नेमके कुणाचे मामा, हे आता कुणी विचारत नाही. सगळं गाव त्यांना ऑटोमॅटिक मामा म्हणतं. तीस वर्षं त्यांनी मोटारी भरायचं, म्हणजे वायंडिंगचं दुकान चालवलं. शेतातली लाईट येते रात्री-बेरात्री, तीही मनात आलं तर. म्हणून लोक स्टार्टरला 'ऑटो' बसवतात. लाईट आली की मोटार आपोआप चालू. विहिरीत पाणी असो नसो, फेज तीन येवोत की दोन, ऑटो आपलं काम इमानानं करतो आणि मोटार जळते. ऑटो मामांच्याच दुकानातला, आणि जळालेली मोटारही मामांच्याच दुकानात. दुमजली घर त्यातून उभं राहिलं. त्यामुळं 'आपोआप' या शब्दावर त्यांची जी श्रद्धा आहे, तेवढी माळेगावच्या खंडोबावर तरी आहे का, अशी मामींना शंका येते.

घरातही सगळं आपोआप. अंगणातला दिवा तिन्हीसांजेला आपोआप लागतो. ढग दाटले तर दुपारी बारालाही लागतो. शेतातल्या मोटारीला मोबाईल स्टार्टर आहे. तो रात्री दोनला फोन करून कळवतो की मोटार चालू झाली, आणि अडीचला कळवतो की बंद झाली. "आता रातचं शेतात जायचं कामच न्हाई," मामा अभिमानानं सांगतात. खरंच नाही. फक्त झोपायचंही काम राहिलेलं नाही. अशी माणसं गावोगाव असतात आणि लांबून ओळखू येतात. खिशात टेस्टर, गळ्यात बॅटरी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आपोआप चालणाऱ्या वस्तूच्या मालकाइतका जागा राहणारा माणूस मी पाहिला नाही. रात्रीचा गुरखासुद्धा मधे डुलकी काढतो.

तर बोट. 2019 साली हैदराबादकडचं कुठलंसं रिसॉर्ट मोडीत निघालं, तिथून मामांनी ती टेम्पोत घालून आणली. फायबरची, सोळा फुटी, मागं चाळीस घोड्यांचं इंजिन. कशाला, असं विचारलं की मामांचं ठरलेलं भाषण सुरू होतं. कंधार हे पाण्याचं गाव. किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक कुणी खणला? राष्ट्रकूटांनी जगत्तुंग समुद्र बांधला, तो काय म्हशी धुवायला? हजार वर्षांपूर्वीच्या राजांनी तळ्याला समुद्र म्हटलं, आणि समुद्र म्हटल्यावर बोट नको? भाषण बिनतोड आहे. फक्त शेजारच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, हे त्या भाषणात येत नाही.

पर्यटकांना फिरवायचं म्हणजे परवानगी आली. फाईल निघाली 1917 च्या जलवाहतूक कायद्याखाली. ती दुसऱ्या टेबलावर पोचेपर्यंत 2021 चा नवा कायदा आला. तोवर बोट ठेवायची कुठं? मामांच्या शेतात 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं तळं होतं, त्यातलं सगळ्यात मोठं माप, 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. त्यात बोट सोडली. चाळीस घोडे आणि तीस मीटर! दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि 'गणपती बाप्पा' म्हटलं, की 'मोरया' म्हणेपर्यंत समोरचा बांध. मी एकदा बसलो होतो. आमची सगळी सफर त्या 'बाप्पा'तच उरकली.

पण मामांचं मन बोटीच्या वेगावर जडलेलं नव्हतं. विकणाऱ्यानं एक वाक्य टाकलं होतं आणि त्यावर मामांनी बयाणा दिला होता : "पाणी आपोआप बाहेर जातं." ते खोटं नव्हतं. या बोटीला पोटाच्या वर दुसरी जमीन असते. ती बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी उंच, आणि मागच्या बाजूला उतार. उताराच्या टोकाला दोन भोकं. पाऊस जमिनीवर पडला की उतारानं मागं जातो आणि भोकांतून तळ्यात पडतो. ना पंप, ना डबडं.

मात्र यात एक अट आहे : बोट हलकी पाहिजे. नवी असते तेव्हा ती उंच तरंगते. मामांची बोट पंधराएक वर्षं पाण्यात नांदलेली. वरच्या जमिनीत एक झाकण आहे, त्याची रबरी पट्टी वाळून चिरलेली. तिथून थेंब थेंब पोटात जायचा, पोटातला फोम भिजत जायचा. भिजलेला फोम वाळत नाही, दुखावलेल्या पाहुण्यासारखा फुगून बसतो. त्यात मागं इंजिन, मागंच बॅटरी, आणि पाऊस आला की बघायला धावणारे मामा तेही मागंच उभे. बोटीची शेपटी खाली बसली, भोकं पाण्याखाली गेली आणि जायचं दार ते यायचं दार झालं. आता पाणी आपोआप आत येऊ लागलं. तसं पाहिलं तर ऑटोमॅटिकपणात काही फरक पडला नव्हता.

आता या बोटीवर पाऊस म्हणजे किती, हे ऐका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बोट ढोबळमानानं दहा चौरस मीटर धरा. आपल्याकडं चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. म्हणजे एका अतिवृष्टीत बोटीत साडेसहाशे लिटर, साडेसहा क्विंटल. सोयाबीन असतं तर मोंढ्यात नेता आलं असतं.

मामांनी उपायांची रीघ लावली. ताडपत्री टाकली. तिला मधे झोळ पडला, झोळात तळं साचलं, आणि त्या वजनानं बोट आणखी खाली बसली. मग पोटात पंप बसवला, पाणी वाढलं की तरंगणारा गोळा वर येऊन पंप आपोआप चालू. चार दिवस झडीचा पाऊस लागला, पंप चार दिवस चालला, पाचव्या दिवशी बॅटरी बसली, सहाव्या दिवशी बोट. मग बॅटरीला सोलर. झडीत ऊन कुठलं? मग सगळं नीट चाललंय का हे बघायला मामा रात्रभर बांधावर छत्री घेऊन. पंप कामावर आहे की नाही हे पाहण्याचं काम मामांना आपोआप लागलं होतं.

शेवटी मामी एकदा डबा घेऊन तळ्यावर आल्या. त्यांचं माहेर गढीजवळच्या जुन्या माळवदाच्या घरातलं. त्यांनी बोटीकडं एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, पन्हाळी तुंबलीया की. लिंबाचा पाला बगा." खरोखर दोन्ही भोकांत कडुलिंबाचा पाला आणि बाभळीच्या शेंगा. माळवदाचं घर असलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मृगाच्या आधी पांढरी माती घालायची, उतार धरायचा, पन्हाळी मोकळी करायची. नाहीतर छत डोक्यावर येतं. मामींनी ताडपत्रीखाली मधोमध आडवा वेळू घालून तिला दोन पाखी उतार दिला. बॅटरी उचलून पुढं नाळेकडं ठेवायला लावली. झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. बोट चार बोटं वर आली, भोकं पाण्याबाहेर निघाली. मामा त्या दिवसापासून भोकांना 'स्कपर' म्हणू लागले. मामी अजून पन्हाळीच म्हणतात.

इथं थांबायला हवं होतं. पण मामा लग्नाला मालवणला गेले. तिथं पाहतात तो सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून वर झावळ्यांनी शाकारलेल्या. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंदच असते, नारळी पौर्णिमेपर्यंत होडीला रजा. तिथल्या एकानं सांगितलं, पावसाळ्यात होडी जमिनीवर घ्यावी, तोंड वर करावं आणि तळाचं बूच काढून ठेवावं, म्हणजे पडलेलं पाणी निघून जातं. मामा हरखले. पंप नाही, बॅटरी नाही, अस्सल आपोआप! घरी आले. त्या वर्षी उन्हाळ्यात तळं आटून बोट आपसूकच जमिनीवर बसली होती, तळाच्या प्लास्टिक कागदावर. मामांनी बूच काढलं आणि हरवू नये म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं.

मालवणची जमीन जमीनच राहते. शेततळ्याची जमीन पाऊस पडला की तळं होते. हा फरक पोळ्याच्या आदल्या रात्री कळला. धो धो कोसळला. तळं खालून भरत आलं आणि बोट उचलली जायच्या ऐवजी बुचाच्या भोकातून पाणी पिऊ लागली. सकाळी पाहिलं तर फोममुळं ती पुरती बुडालीही नव्हती, तरंगतही नव्हती. काठोकाठ भरून पाण्याच्या पातळीला लागून उभी, परवानगीच्या फाईलसारखी. ट्रॅक्टर चिखलात जाईना. बैल होते, पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं. झूल पांघरलेली, शिंगं रंगवलेली जोडी बांधावर पुरणपोळी खात उभी, आणि खाली चिखलात बारा माणसं मालकासकट कासरा ओढतायत. बैलांनी असा पोळा पुन्हा पाहिला नसेल.

पुढच्या आठवड्यात पिकांचे पंचनामे झाले. मामांनी तलाठ्याला बोटीवर नेलं. तलाठ्यानं सवयीनं विचारलं, "पीक?" मामा म्हणाले, "फायबर." "जिरायत का बागायत?" मामांनी थोडा विचार केला. "बागायतच लिवा. पाण्यातच हाय की."

सध्या बोट गोठ्यात दोन ओंडक्यांवर पालथी आहे. पालथ्या बोटीत पाणी आपोआप साचत नाही, असं मामा सांगतात. कुणाला घ्यायची असेल तर किंमत बसून ठरवू. इंजिन चालू, पंप चालू, सोलर नवा आहे. बूच मात्र मामींकडं मागावं लागेल.