काका, हे पेड आहे!

आजकालच्या पोरांना जाहिरात ओळखता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी संध्याकाळी नागपूरजवळ बुटीबोरीला आमच्या कॉलनीत यावं. ट्यूशन सुटली की आठवी-नववीची पोरं आमच्या गेटजवळ एकाच मोबाइलवर डोकी खुपसून उभी राहतात. पडद्यावर एक पोरगी बर्गर हातात घेते, डोळे मिटते आणि 'ओ माय गॉड' म्हणते. माझा पुतण्या तिथल्या तिथे निकाल देतो, "पेड आहे बे! घास तोंडात गेला नाही, अन् आतापासूनच डोळे मिटून राहिली."

पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट लिहा, असा नियम ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी २०२१ मध्ये केला. आमच्या पोरांना ती बारीक अक्षरं वाचावीही लागत नाहीत. कूपन कोड दिसला की ते कमिशनचा हिशोब मांडतात. त्या मानानं आम्ही मोठी माणसं अगदीच भाबडी. शेजारच्या काकांची सगळी नोकरी इंडोरामात, पॉलिस्टरच्या धाग्यात गेली. त्यांना पोरांनी पिझ्झाची रील दाखवली. चीजची तार हातभर ताणली तरी तुटेना. काका चष्मा पुसून म्हणाले, "माल चांगला आहे. कोणत्या कंपनीचा?"

एवढी चलाख पोरं, यांना कोण फसवणार, असं मला वाटलं. म्हटलं, "मग तुम्ही हे खात नसाल?"

पोरांना माझी कीव आली. "खातो नं काका! पेड आहे म्हणून का चव बिघडते?"

"म्हणजे जाहिरातीचा परिणाम होतो तर."

"माझ्यावर नाही होत," पुतण्या म्हणाला, "पण हा नं, रील पाहिली का लगेच बापाच्या मागे लागते." त्यानं ज्याच्याकडे बोट दाखवलं त्यानं तिसऱ्याकडे दाखवलं, तिसऱ्यानं चौथ्याकडे, आणि बोट फिरत फिरत पुतण्यावर येऊन थांबलं. तेवढ्यात सगळ्यांना भूक लागली. सातच्या सुमाराला पोटात कावळे ओरडत असताना माणसाला जाहिरात खरी वाटायची गरजच नसते. ती आठवली तरी पुरे.

वरात मग चौकातल्या मोमोच्या गाडीकडे निघाली. मोमो आले, पण खायचे नाहीत, आधी शूटिंग. एकानं प्लेट धरायची, एकानं वरून शेजवानची धार सोडायची, एकानं डोळे मिटायचे. तिसऱ्या टेकला मोमो पार थंड झाले. बर्गरवाल्या पोरीला डोळे मिटायचे पैसे मिळतात. आमची पोरं पदरचे पैसे मोजून फुकट जाहिरात करतात, आणि ही जाहिरात आहे असं कुणी म्हटलं तर चिडतात!

सरकार स्वस्थ बसलेलं नाही, बरं का. जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत आणि त्यांची जाहिरातही करायची नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, २०२० चा नियम आहे. आता मोबाइल खिशात असतो, टेप कुठून कुठवर धरायचा? मुलांच्या चॅनेलवर चिप्स आणि थंड पेयांच्या जाहिरातींना २०२२ पासून मनाई आहे. पण मिसरूड फुटलेली पोरं मुलांचं चॅनेल पाहतात कधी? तिकडे ब्रिटननं जानेवारी २०२६ पासून अशा पदार्थांच्या ऑनलाइन पेड जाहिरातींवरच बंदी घातली.

आणि आपल्याकडे सापडला कोण? समोसा! जुलै २०२५ मध्ये आमच्याच वर्धा रोडवर, मिहानमधल्या नागपूर एम्सच्या कॅन्टीनमध्ये तेल-साखर किती ते सांगणारे बोर्ड लागणार अशी बातमी आली. समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार, अशी हूल देशभर उठली. ठेलेवाल्यांसाठी असा काही आदेश नाही, बोर्ड कामाच्या ठिकाणी फक्त माहितीसाठी आहेत, असा खुलासा शेवटी केंद्राला करावा लागला. ज्या बिचाऱ्यानं जन्मात कधी कूपन कोड दिला नाही, त्याचीच झडती आधी झाली.

बोर्डाला माझा विरोध नाही. उलट साहेबलोकांना विनंती आहे, तोच बोर्ड रीलवरही टांगा, आणि चांगल्या ठळक अक्षरांत टांगा. 'पेड' आहे हे पोरांना तुमच्याआधी कळतं. पण त्या बर्गरमध्ये तेल किती अन् मीठ किती, असं विचारलं तेव्हा त्या घोळक्यातल्या एकालाही सांगता आलं नाही.