झालंच समजा

आमच्या प्रभागातले पुढारी भाऊ दुधाची पिशवी आणायला निघाले तरी त्याचा पाहणी दौरा होतो. मागे एखादा कार्यकर्ता लागतोच. वाटेत भेटेल त्याला, त्याने विचारो न विचारो, चालू कामांचा आढावा मिळतो. "काका, तुमच्या गल्लीतला ड्रेनेजचा विषय मार्गी लावला बरं का!" काकांनी ती गल्ली केव्हाच सोडलेली असते, ते आता मुलाकडे टेकडीपलीकडे राहतात. भाऊ अडखळत नाहीत. "मग तिकडचा काय विषय असेल तो सांगा. तोही घेऊ."

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, दोन मोबाइल. त्यातला एक सदैव कानाला आणि दुसरा वाजत असलेला. स्कूटरच्या डिकीत लेटरहेडचं पॅड, रबरी शिक्का आणि शाईचं पॅड. शाळेच्या प्रवेशाला शिफारस हवी असो की रहिवासी दाखला, भाऊ स्कूटरच्या सीटवरच कागद ठेवून सही ठोकतात. शिक्क्यावर फुंकर मारता मारता बाकीची बातमी देतात: अमुक चौकात हायमास्ट लागला, तमुक बागेत ओपन जिम आली, विरंगुळा केंद्राला पंखे मिळाले. कागद वाळेपर्यंत अर्ध्या प्रभागाचं वर्तमान कळतं.

देवळाजवळच्या चेंबरचं एकच प्रकरण सांगतो, म्हणजे भाऊ कळतील. चेंबर तुंबलं, म्हणून उन्हाळ्यात त्यांच्या कानावर घातलं. "जेईंना सांगितलंय, इस्टिमेट होतंय." पावसाळ्यात तुंबलेलं पाणी देवळाच्या पायरीला लागलं तेव्हा, "टेंडर निघालंय, आता काळजीच नको." दिवाळीत फराळाला आले, चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "वर्क ऑर्डर हातात आहे. झालंच समजा." मग मार्च उजाडला. निधी परत जाणार म्हटल्यावर ठेकेदाराच्या अंगात वारं संचारलं. एका रात्रीत माणसं आली, रस्ता उकरला, सकाळी पाहतो तो तांबड्या-करड्या पेव्हिंग ब्लॉकची देखणी नक्षी. भाऊंनी नारळ फोडला. पेढे वाटले. आणि पहिल्याच वळवाच्या पावसात ध्यानात आलं, की चेंबरचं झाकण त्या नक्षीच्या पोटात कुठेतरी गडप झालंय. भाऊ कमरेवर हात ठेवून बराच वेळ ब्लॉककडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "झाकण शोधायचं काम 'स' यादीत टाकतो."

ही 'स' यादी म्हणजे पुण्याच्या अंदाजपत्रकातलं नगरसेवकांचं माहेर. आपापल्या प्रभागातल्या किरकोळ कामांसाठी त्यांच्या वाट्याला येणारी तरतूद तिच्यात असते. तुमच्या आमच्या बुडाखालची बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या ही बरीचशी तिचीच लेकरं. भाऊंच्या बाकड्यावर पाठ टेकली की त्यांचं नाव बरोब्बर मणक्याला लागतं. अक्षरं उठावदार आहेत.

श्रेयाचा प्रश्न २०१७ पासून फार नाजूक झाला. त्या वर्षीच्या महापालिका निवडणुकीत पुण्यात चार-चार नगरसेवकांचे प्रभाग आले आणि एकाच गटाराला चार वडील मिळाले. भूमिपूजन एकाने करायचं, शुभारंभ दुसऱ्याने, पाहणी तिसऱ्याने, लोकार्पण चौथ्याने. चारही फ्लेक्सवर "यांच्या अथक प्रयत्नांतून". आमच्या कोपऱ्यावर तर ते चार फ्लेक्स इतके दाटीने लागले, की ज्या दिव्यासाठी ते लावले होते तो दिवाच दिसेना. त्यातून भाऊंची जागा महिलांसाठी राखीव निघाली, म्हणून निवडून आल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी. फलकावर वहिनी, फोनवर भाऊ, अशी वाटणी सगळ्यांनीच गृहीत धरली होती. वहिनींनी मात्र एक दिवस शिवणकामाची टेप घेऊन नव्या पदपथाची रुंदी मोजली आणि इस्टिमेटमधला आकडा ठेकेदारापुढे वाचून दाखवला. पदपथ दुसऱ्यांदा झाला. त्याचाही फ्लेक्स भाऊंनीच लावला, पण वहिनींचा फोटो स्वतःच्या फोटोपेक्षा मोठा घेतला. हे पुढाऱ्यांच्या जातीत दुर्मीळ आहे.

दरवर्षी भाऊंचा कार्यअहवाल घरी येतो. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले भाऊ, माथ्यावर नेत्यांच्या गोल फोटोंची रांग. ही रांग बदलत असते. मधल्या काळात काय काय झालं ते तिच्यावरून कळतं. आत 'पूर्वी' आणि 'आता' अशी छायाचित्रं. एका पानावरचं 'पूर्वी' आणि दुसऱ्या पानावरचं 'आता' हा एकच रस्ता आहे, अशी माझी दाट शंका आहे. शेवटच्या पानावर मात्र रुग्णवाहिका, अग्निशमन, पाणीपुरवठा, वायरमन, सर्पमित्र असे सगळे फोन नंबर असतात. तेवढं पान आमची ही कात्रीने कापून फ्रिजला लावते. उरलेला अहवाल कपाटाच्या हलत्या पायाखाली जातो. निरुपयोगी आहे असं कोण म्हणेल?

पावसाळ्यात भाऊंचं बोलणं टीएमसीत चालतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं आज किती आलं हे रोज सकाळी प्रभागाच्या ग्रुपवर. "खडकवासला शंभर टक्के!" हे ते अशा थाटात लिहितात, की शेवटची कळशी यांनीच ओतली असावी. खाली मुठेत विसर्ग सुरू झाल्याची सूचना, नदीकाठी गाड्या लावू नका, आणि हात जोडलेले भाऊ.

त्यांच्यावर हसताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९४९ च्या महापालिका कायद्याने अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे दिले आहेत. नगरसेवकाने सभेत प्रश्न विचारावेत, अंदाजपत्रक मंजूर करावं. पण स्वतःच्या अखत्यारीत एक खड्डा बुजवण्याचा हुकूम त्याला सोडता येत नाही. आणि खड्ड्यात पाय मुरगळलेला माणूस आयुक्तांच्या दारात जात नाही, भाऊंच्या दारात येतो. मग भाऊंनी करायचं काय? या टेबलावरून त्या टेबलावर जायचं, फाइल कुठे बसलीय ते हुडकायचं आणि आपल्याला येऊन सांगायचं. त्यांचा सगळा संसार पाठपुराव्याचा. काम दुसऱ्याच्या हातात आणि शिव्या स्वतःच्या पदरात, अशा माणसाने "झालंच समजा" म्हणू नये तर काय म्हणावं?

आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा रात्री गेले, तेव्हा मुलगा परदेशात आणि घरात आजी एकट्या. कुणी फोन केला कोण जाणे, पण शववाहिनीच्या आधी भाऊ हजर होते. पायात स्लीपर, शर्टाची बटणं खालीवर. डॉक्टरांचा दाखला, अंत्यविधीचा पास, भटजी, सगळं त्यांनी पाहिलं. आजींजवळ कुणी बसायचं तेही ठरवलं. वैकुंठ स्मशानभूमीत पहाटेपर्यंत थांबले. सगळं आटोपल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "इथपर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे पाहिलेत का? एकही बंद नव्हता. त्याचा पाठपुरावा मीच केला होता." मला हसूही आलं आणि काय बोलावं ते सुचेनाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. जवळपास चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हता. भाऊंच्या फ्लेक्सवर वहिनींच्या नावाआधी 'माजी' आलं, पण मुंगीला चष्मा लागेल एवढ्या अक्षरात. 'स' यादी नाही, सभा नाही, अधिकारी फोन उचलेनात. तरी आढावा चालूच. जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झालं. भाऊंना तिकीट मिळालं नव्हतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर संदेश आला: "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने येईल. नागरिकांनी भरून ठेवावे." नव्याने निवडून आलेल्या चौघांपैकी एकाचंही अजून हे सांगून झालं नव्हतं.

तेव्हा तुमच्या प्रभागातही असे भाऊ असतील, तर फोन सकाळी आठच्या आत करा. त्यानंतर ते कुणाच्या तरी लग्नात नाहीतर दहाव्याला असतात. आणि चेंबरचं झाकण कुठे आहे ते आधी खडूने आखून ठेवा.